तिकडं स्वस्त आहे म्हणून रान विकायचं का?



आधी रानातली नोंद. हरभरा काढून घरात पडलाय. हळदीच्या दोन पट्ट्या उकरून झाल्या, तिसऱ्या पट्टीत बाया लागल्यात. उद्या-परवा कुकर येईल, मग शिजवणी. लाईटीची पाळी या आठवड्यात रात्रीची. काल रात्री साडेबाराला मोटार चालू करायला गेलो, अडीचला फ्यूज उडाला, तो बसवून गव्हाचं शेवटचं पाणी पुरं केलं आणि पहाटे चारला आखाड्यावरून घरी आलो. डोळा लागतो न लागतो तोच फोन.

मावसभावाचा. तो तिकडं भैंशाजवळ राहतो. आमची धर्माबादची माणसं, आमची निम्मी सोयरीक पलीकडंच. १९५६ ला राज्यांची रेघ ओढली तेव्हा मुधोळ तिकडं गेलं, किनवट इकडं आलं. माणसं होती तिथंच राहिली, रेघ तेवढी मधून गेली. तर भाऊ म्हणतो, "अरे कामून मरलालास तिकडं? इथं चोवीस घंटे लाईट. फुकट. एकरी पैसे खात्यावर. बायकांना बस फुकट. म्हातारीला दोन हजार. इक तिथलं आन ये इकडं. पाडव्यापर्यंत सांग, जागा मालक थांबायचा नाही."

खरं सांगतो, हे खूळ माझ्याही डोक्यात तीन महिन्यांपासून आहे. गेल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पाण्यात सोयाबीन डोळ्यांदेखत कुजलं. जे हाती लागलं ते डागी म्हणून मातीमोल गेलं. सरकारचा हमीभाव ५३२८ रुपये कागदावर, आम्ही विकलं त्याच्या कितीतरी खाली. तेव्हा बायकोला मीच म्हणलो होतो, चल जाऊ. गिऱ्हाईकही गाठून ठेवलं होतं. त्यामुळं आता जे लिहितोय ते काही घरात बसून अस्मिता सांगणाऱ्याचं नाही. जायला निघालेल्या, पिशवी भरलेल्या माणसाचं आहे.

पिशवी भरली आणि मग वही काढली. तो हिशेब तुमच्यापुढं ठेवतो, कारण आमच्या गावातली अजून चार घरं याच विचारात आहेत आणि मोबाईलवर रोज कोणीतरी "तेलंगणात शेतकरी राजा" म्हणून व्हिडिओ टाकतोय. अर्धी गोष्ट सांगून दुसऱ्याला रान विकायला लावणं हे पाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे खरं आहे ते आधी कबूल

तिकडं शेतीला चोवीस तास मोफत वीज १ जानेवारी २०१८ पासून आहे. आपल्याकडंही २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिल माफ झालं. पण बिल माफ आणि लाईट रात्री साडेबाराला, याला काय माफी म्हणायची? बिलाचे पैसे वाचले, झोप गेली, आणि अंधारात पायाखाली काय येईल याचा भरोसा नाही. या एका गोष्टीत ते पुढं आहेत. मान खाली घालून कबूल.

एकरी पैसेही खरे. १० मे २०१८ ला रयतु बंधू सुरू झाली, हंगामाला एकरी ४००० रुपये, पुढं ५०००. आता रयतु भरोसा म्हणून वर्षाला एकरी १२००० रुपये. पिकाआधी पैसे देणं ही कल्पनाच चांगली आहे. शेतकरी मेला तर घरच्यांना पाच लाखांचा विमा आहे. म्हाताऱ्यांना महिना २०१६ रुपये, आपल्याकडं श्रावणबाळचे १५०० मिळतात. बायकांना साध्या बसचा प्रवास डिसेंबर २०२३ पासून फुकट, आपल्याकडं अर्धं तिकीट. २०२४ ला दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी पण झाली.

एवढं ऐकलं की कुणाचंही मन जाईल. २०१८ ला आमच्या धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली, ती काही तेलुगू आवडते म्हणून केली नव्हती. फेब्रुवारी २०२३ ला नांदेडात तिकडच्या मुख्यमंत्र्यांची सभा झाली, ती गर्दीही भाड्याची होती असं म्हणून उडवता येणार नाही. पोटाला चिमटा बसतो तेव्हा माणूस कुंपणापलीकडं बघतोच.

आता वही

माझं रान पाच एकर, विहीर एक. मला इथं सांगितलेला भाव एकरी १३ लाख. म्हणजे ६५ लाख. भावानं बघून ठेवलेल्या जमिनीचा भाव एकरी २६ लाख. तिकडं लाईट आली, एकरी पैसे आले, तसे जमिनीचे भाव पण चढले. फुकट काही नसतं, सवलतीची किंमत जमिनीच्या भावात आधीच चढवून ठेवलेली असते आणि ती नवीन येणाऱ्याकडून वसूल होते. ६५ लाखांत बसते अडीच एकर. त्यातून तिथला नोंदणीचा खर्च सरकारी भावावर साडेसात टक्के. तो धरला तर अडीचही पुरी येत नाही, पण अडीचच धरू.

पाचाची झाली अडीच. इथंच वही बंद करायला पाहिजे होती. पण भाऊ म्हणतो, एकरी पैसे धर की.

धरले. अडीच एकराला १२ हजारांनी वर्षाचे ३० हजार आले.

आता गेलेले मोजा. नमो शेतकरीचे राज्याचे ६००० गेले, ते महाराष्ट्राचे आहेत. बायकोला लाडकी बहीणचे महिना १५०० येतात, वर्षाचे १८०००, ते गेले, कारण महाराष्ट्राची रहिवासी ही त्यातली पहिली अट. आणि पीएम किसानचे ६०००? ते तर केंद्राचे, ते कुठंही मिळतील असं मीही समजत होतो. पण त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नाव बसत नाही, वारसानं आली तर वेगळं. म्हणजे इथली विकली की जुनं नाव गेलं आणि तिकडची नवी घेतली तर नवं बसत नाही. ६ अधिक १८ अधिक ६. तीस.

तीस हजार आले, तीस हजार गेले. मध्ये अडीच एकर रान गायब.

ही बेरीज मी बायकोला दोनदा करून दाखवली. ती म्हणाली, "मग आपन कोनत्या गोष्टीसाठी चाललोत?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हातारीचं बघा. महिना ५१६ रुपये वाढतील. पण कधी? इथले १५०० ज्या महिन्यात बंद होतील त्या महिन्यापासून तिकडचे चालू होतील असं कोणी लिहून देतं का? आधी आधारवरचा पत्ता, मग रेशनकार्ड, मग अर्ज, मग यादी. ज्यांनी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात रेशनकार्ड नेलंय त्यांना विचारा. इथं तर राज्य बदलायचं आहे आणि अर्ज तेलुगूत भरायचा आहे.

कोणी म्हणेल, विकू नको, इथलं ठेव आणि तिकडं ठोक्यानं कर. तर ऐका. एकरी पैसे येतात ते ज्याच्या नावावर पासबुक आहे त्याच्या खात्यावर. ठोक्यानं कसणाऱ्याला नाही. तिकडचे कौलदार शेतकरी २०१८ पासून हेच बोंबलतायत. २०२३ च्या निवडणुकीत कसणाऱ्यालाही देऊ म्हणून सांगितलं होतं. ठोक्याचा भाव तिकडं आपल्यापेक्षा जास्त, लाईट आहे म्हणून. म्हणजे लाईटीचा फायदा मालकाला, एकरी पैसे मालकाला, आणि घाम तुमचा.

घर कशानं महाग झालंय?

स्वस्ताईचं बोलताना लोक तांदूळ, बस आणि लाईट एवढंच बोलतात. मी माझ्या घरचा गेल्या वर्षाचा खर्च काढला, शेतीचा सोडून. शिक्षण १ लाख १८ हजार, म्हणजे पोरीची नांदेडची खोली, डबा, क्लास आणि पोराची शाळेची गाडी. दवाखाना ५७ हजार, आईचा गुडघा आणि माझा टायफॉईड. व्याज ३४ हजार, हे बँकेचं नाही, कुणाचं ते सांगायची गरज नाही. किराणा-भाजी-गॅस ५२ हजार. लग्नकार्य, आहेर, जाणं-येणं २९ हजार. कपडे, मोबाईल, किरकोळ २० हजार. एकूण ३ लाख १० हजार.

नीट बघा. शिक्षण, दवाखाना आणि व्याज हे तिन्ही मिळून २ लाख ९ हजार. तीन रुपयांतले दोन रुपये. तांदूळ फुकट मिळाला, बस फुकट झाली तरी ती उरलेल्या एका रुपयातली काटकसर. आणि हे तीन खर्च तिकडं स्वस्त आहेत का? निजामाबादचा खाजगी दवाखाना आमच्या गावानं बघितलाय, तिथंही बिल बिलासारखंच येतं. तिकडची खाजगी इंटरमिजिएट कॉलेजं तर फीच्या बाबतीत आपल्या क्लासवाल्यांचे थोरले भाऊ आहेत. व्याजाला राज्य नसतं.

एक मजा सांगतो. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, फवारणीचं इंजिन, सगळं ज्याच्यावर चालतं ते डिझेल गेल्या दोन-तीन वर्षांत तिकडंच महाग आहे. सीमेवरचे ट्रकवाले टाकी कुठं भरतात ते बघा. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

पोरीचं काय?

माझी थोरली अकरावीला आहे, नीटची तयारी करतेय. लागेल का नाही देवाला ठाऊक, पण पोरगी रात्री दोनपर्यंत बसते. महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला बसायचं तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून पाहिजे आणि इथला रहिवासी दाखला पाहिजे. तेलंगणात स्थानिक म्हणून धरायचं तर शेवटची चार वर्षं, नववी ते बारावी, तिथं शिकलेली पाहिजे. ३७१-ड कलमापासून चालत आलेला हा नियम आहे. आता मी हिला मधेच तिकडं नेली, तर ही ना इकडची ना तिकडची. तीस हजारांसाठी पोरीचे दोन्ही दरवाजे मीच लावून घ्यायचे.

धाकटा पाचवीला. त्याचं जमेल असं भाऊ म्हणतो. जमेल पण. २०१८ च्या कायद्यानं तिकडं प्रत्येक शाळेत तेलुगू सक्तीची आहे, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आपणही मराठी सक्तीची केलीच की. पोरं भाषा पटकन उचलतात. पण पाचवीत गणित तेलुगूतून समजून घेणं आणि गल्लीत खेळताना तेलुगू बोलणं यात फरक आहे. एक-दोन वर्षं मागं पडणार हे धरून चालायचं.

आणि जातीचा दाखला. हे ज्यांना लागू आहे त्यांनी तर दहा वेळा वाचा. दाखला मूळ राज्याचा असतो. आपली जात तिकडच्या यादीत असली तरी स्थलांतर करून गेलेल्याला तिथं ते आरक्षण मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हे १९९० ला सांगितलं आणि ३० ऑगस्ट २०१८ ला पुन्हा सांगितलं. आपल्या बंजारा भावांना मुद्दाम सांगतो. तिकडं लंबाडा १९७६ पासून अनुसूचित जमातीत आहेत, आपल्याकडं विमुक्त जातीत. "तिकडं गेलं की एसटी होतं" म्हणून जे सांगतात ते फसवतात. आणि या एका गोष्टीवरून आदिलाबादेत गोंड आणि लंबाडा यांच्यात वर्षानुवर्षं धुसफूस आहे. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात आपण सामान घेऊन उतरायचं का?

स्वस्त जमीन कुठं मिळते?

मिळते. किनवट-माहूरच्या लोकांना चांगलं माहीत आहे. आदिलाबादकडं काही गावांत निम्म्या भावात जमीन सांगतात. साधा बैनामा करून देतो म्हणतात, म्हणजे साध्या कागदावर सही-अंगठा. ती निम्म्या भावात का मिळते हे विचारा. तो अनुसूचित क्षेत्राचा भाग असतो. तिथं १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा नियम आहे, १९७० ला तो कडक झाला, लोक त्याला वन-सेव्हंटी म्हणतात. त्या भागात आदिवासी नसलेल्या माणसाला जमीन घेताच येत नाही. घेतली तर व्यवहार रद्द, पैसे बुडाले, आणि जमीन परत आदिवासीकडं. ते बरोबरच आहे, कारण ती त्याचीच होती. स्वस्त दिसलं म्हणून हात घातला तर आपण एकाच वेळी चोरही ठरतो आणि भिकारीही.

दुसऱ्या बाजूचं पण लक्षात ठेवा. इथली सगळी विकून सातबाऱ्यावरून नाव एकदा गेलं की उद्या परत यावंसं वाटलं तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा दाखव म्हणतील. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. जायचंच असेल त्यानं जावं, पण सगळं विकून जाऊ नये. बापानं ठेवलेल्यातला एक तुकडा तरी नावावर राहू द्या.

योजनेवर घर बांधायचं नसतं

माझा मुख्य राग याच्यावर आहे. आपण दोन राज्यांची तुलना करताना योजना मोजतोय. योजना म्हणजे काय? या सरकारनं दिली, पुढच्यानं नाव बदललं, त्याच्या पुढच्यानं अटी घातल्या. २०२३ ला तिकडं निवडणुकीत सांगितलं एकरी १५ हजार. प्रत्यक्षात २६ जानेवारी २०२५ ला सुरू झाले ते १२ हजार. आपल्याकडं काय वेगळं आहे? एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला, २०२५ च्या खरिपाला गेला. नेमकं ज्या वर्षी पाणी आलं त्या वर्षी. तिकडं तर २०२० लाच केंद्राच्या पीकविम्यातून राज्य बाहेर पडलं होतं. लाडकी बहीणचं उद्या काय होईल ते मलाही माहीत नाही. म्हणून वरच्या बेरजेतले आलेले तीस आणि गेलेले तीस, दोन्ही मी पेन्सिलीनंच लिहिलेत. पेनानं लिहिलंय ते एकच: पाच एकर.

या पाच एकरांत मी बावीस वर्षं राबलोय. कोणत्या पट्टीत चुनखडी आहे, कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हळदीला करपा आधी कुठून लागतो, विहिरीला मार्चात किती फूट पाणी असतं, हे सगळं पायाला पाठ आहे. हे सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळं विकताना त्याचा भाव येत नाही. आणि नवीन रानात ते शिकायला पुन्हा आठ-दहा वर्षं. मी आता सत्तेचाळीसचा.

आणि पाऊस? गेल्या ऑगस्टमध्ये आमचं रान बुडालं त्याच सुमाराला पलीकडं कामारेड्डीत हाहाकार झाला. ढगाला सीमा दिसत नाही.

कोणी जावं?

सगळ्यांनी इथंच मरावं असं माझं म्हणणं नाही. माझ्या चुलतभावाला रान नव्हतं. सालगड्याचं काम करायचा, उचल फिटायची नाही. तो चार वर्षांपूर्वी निजामाबादला गेला, आता टेम्पो चालवतो. बायको घरी विड्या वळते. रेशनचा तांदूळ मिळतो, बायकोला बस फुकट, खोलीचं भाडं परवडतं. त्याचं सामान गाडीत भरायला मीच होतो, आणि त्यानं बरोबर केलं. ज्याच्याकडं विकायला हाताशिवाय काही नाही त्याला जिथं हाताला भाव जास्त आणि तांदूळ स्वस्त ते गाव चांगलं. नोकरदार, पेन्शनवाला, यांचाही हिशेब वेगळा. त्याचा पगार त्याच्यासोबत चालतो. माझा पगार जमिनीत आहे, तो माझ्यासोबत चालत नाही.

म्हणून त्या व्हिडिओवाल्यांना सांगणं आहे, शेतमजुराचा हिशेब शेतकऱ्याला विकू नका.

आणि दुसऱ्या बाजूच्यांनाही. पुण्या-मुंबईत बसून जे आम्हाला "महाराष्ट्रद्रोही" म्हणतात त्यांनी एकदा जिवती तालुक्यातल्या त्या चौदा गावांत जाऊन यावं. तिथल्या माणसांकडं दोन राज्यांची दोन रेशनकार्डं, दोन मतदानकार्डं. त्यांना हसणं सोपं आहे. पण एका राज्यानं पुरेसं दिलं असतं तर दुसऱ्याचं कार्ड कोणी जपून ठेवलं असतं का? आम्हाला अस्मिता शिकवू नका. आम्ही इतकी वर्षं तेलुगूच्या शेजारी राहून मराठीत भांडतोय, मराठीत लग्नं लावतोय, मराठीत मरतोय. अस्मितेनं रात्री साडेबाराची लाईट दिवसा येत नाही.

मग करायचं काय?

तिकडं जायची धमकी देणं आता पुरे. आपण निवेदन देतो, दोन दिवस बातमी येते, कोणीतरी येऊन पाहणी करतो, पॅकेज म्हणतो आणि जातो. धमकीची किंमत संपली. त्यापेक्षा तीनच गोष्टी मागू आणि त्याच मागत राहू.

पहिली, दिवसा लाईट. सौर फीडरचं काम आपल्या तालुक्यात कोणत्या उपकेंद्रावर कुठवर आलंय, हे ग्रामसभेत लेखी मागा. बिलमाफी नको म्हणत नाही, पण मला दिवसाचे आठ तास द्या, मी बिल भरतो.

दुसरी, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. इमारत आहे, पाटी आहे. माझे ५७ हजार त्या रिकाम्या खुर्चीपायी गेलेत.

तिसरी, पाणी. गोदावरी आपल्या दारातून जाते. बाभळीला १४ दरवाज्यांचा बंधारा उभा आहे, २.७४ टीएमसीचा. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. हा निकाल काही आपण बदलू शकत नाही. पण २९ ऑक्टोबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत जे अडतं ते तरी रानापर्यंत यावं. त्यासाठी उपसा पाहिजे, चाऱ्या पाहिजेत, आणि परत गाडी लाईटीवरच येते. पाणी समोर दिसतंय आणि गहू रात्री भिजवावा लागतोय, हे दुखणं घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं म्हणजे आपलं भरलेलं ताट सोडून शेजारच्याच्या पंगतीत शेवटी बसायचं.

या तीन गोष्टी झाल्या तर माझ्या तीन लाखांतले किती वाचतील ते मी मोजलंय. तिकडच्या फुकट बसपेक्षा पुष्कळ जास्त.

तर मंडळी, सकाळी भावाला फोन केला. सांगितलं, येत नाही. तो रागावला. "मर मग तिथंच अंधारात" म्हणाला. माझ्या भल्यासाठीच म्हणाला, त्याचा राग नाही. बासरला सरस्वतीच्या दर्शनाला येऊ तेव्हा त्याच्याकडंच जेवायला जाणार आहे. गिऱ्हाईकालाही नाही कळवलं. तो म्हणाला, पुढच्या वर्षी भाव पडंल. पडू दे. जे विकायचं नाही त्याचा भाव पडला काय अन् चढला काय.

आई ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. बोलली काही नाही. थोड्या वेळानं उठली आणि हळदीचं बेणं निवडायला बसली. पुढच्या वर्षीचं.

आज रात्री परत साडेबाराची पाळी आहे. विजेरीला नवीन सेल टाकलेत. ज्यांच्या घरात हा विषय चालू आहे त्यांनी कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. फक्त वही काढा, आलेलं एका बाजूला, गेलेलं एका बाजूला, आणि सगळ्यात खाली एकर लिहा. मग ठरवा.

राम राम.